भोंग्याची सुट्टी

४ मार्च

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून छातीत धस्स झालं असेल तर आधी पाणी पी. आई ठणठणीत आहे. सगळेच ठणठणीत आहेत, माझा घसा सोडून.

तुझ्यामाझ्यात दोन वर्षं अबोला आहे हे मी विसरलेलो नाही. पण गेल्या आठवड्यापासून माझा सगळ्या जगाशीच अबोला सुरू झालाय, त्यामुळे तू आता काही खास राहिली नाहीस. झालं असं, की फुलांच्या लिलावात पुकारा करता करता एके सकाळी माझा आवाज बसला. बसला तो उठेचना. डॉक्टरने नळी घालून बघितलं, तर स्वरयंत्रावर गाठी. साध्याच निघाल्या, घाबरू नकोस. काढून टाकल्या. पण आता काही आठवडे तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुजणं म्हणे ओरडण्यापेक्षा वाईट. मग हळूहळू व्यायाम, आणि एकंदर चार महिने कामावर जायचं नाही. लहानपणापासून मला भोंगा म्हणत आलीस ना? घे, भोंगा बंद पडला. वाट पेढे!

आता मुद्द्याचं. आईला माझ्याशिवाय कुणाचाच आवाज ऐकू येत नाही हे तुला ठाऊक आहे. कानातलं यंत्र आणून दिलं, ते तिने बटणांच्या डब्यात टाकलंय. घातलं की कानात कुणीतरी कागद चुरगाळतंय असं वाटतं म्हणते. शेजारपाजार, डॉक्टर, टीव्हीवरच्या बातम्या, सगळं माझ्या गळ्यातून तिच्यापर्यंत जायचं. तुझे फोनसुद्धा. आणि तिथेच तर आपलं बिनसलं. "मला आईशी बोलायचंय, तुझ्याशी नाही. मी दहा वाक्यं बोलते, तू तिला दोन सांगतोस," असं म्हणून तू फोन आपटलास. मीही म्हणालो होतो, मग ये इथे आणि तूच ओरड. भावजी अंथरुणावर, त्यांना सोडून तुला येता येत नाही हे माहीत असून म्हणालो. जाऊ दे. ते उकरून काढायला लिहीत नाहीये.

सांगायचं एवढंच, की दर रविवारी आई विचारायची, "तिचा फोन नाही आला?" आणि मी काहीतरी ठोकून द्यायचो. आता ठोकून द्यायलाही आवाज नाही. तुम्ही दोघी यापुढे एकमेकींशी बोलणार कशा, ते माझ्या डोक्यात शिरत नाहीये. तुला काही सुचलं तर कळव. नाही कळवलंस तरी मी लिहीत राहणार, कारण दुसरं करायला काहीच नाही.

भावजींना नमस्कार.

भोंगा


१९ मार्च

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी अपेक्षाच ठेवली नव्हती (ठेवली होती).

चार महिने सुट्टी म्हटल्यावर जो तो सल्ला द्यायला येतोय. माझ्या जागी आता जो पुकारा करतो तो चष्मेवाला म्हणाला, हिंडून या. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, बुद्धिबळ शिका. तुझी भावजय म्हणाली, माळा आवरा. डॉक्टर म्हणाला, आराम करा. आणि यातल्या कुणाला मी "गप्प बसा हो" असं म्हणूही शकत नाही, ही खरी शिक्षा! माळा आवरला. त्यात तुझी शाळेची सायकल सापडली, म्हणजे तिचं एक चाक. हिंडून यायला गेलो तर वाटेत दहाजण भेटले, दहाही जणांना गळ्याकडे बोट दाखवून पाटीवर लिहून दाखवलं, दमून परत आलो. मग आराम केला. दुपारी दोनपर्यंत आराम करून झाला.

तुझी भावजय दिवसभर औषधांच्या दुकानात. घरात मी आणि आई. एक बोलू शकत नाही, एकीला ऐकू येत नाही. म्हटलं तर काय छान जोडी!

आईने काय केलं ऐक. मी तोंड मिटून बसायचंय हे हिने तिला पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून समजावलं. (तिला जवळचं अक्षर दिसत नाही, पण समोरच्या इमारतीत वाळत घातलेलं बनियन कुठे फाटलंय ते इथून दिसतं.) आईने मान हलवली आणि म्हणाली, "याच्याच्याने व्हायचं नाही. मी काही बोलले की हा उत्तर देणार. तर आता हा बोलेपर्यंत मीही बोलणार नाही." आणि जे ओठ मिटले, ते मिटलेच! मला वाटलं, तासभर चालेल. तुझ्या आईला तू ओळखतेस. आज किती दिवस झाले, हूं की चूं नाही. मला भरून आलं होतं गं. आता मात्र राग येतो, कारण तिला काय हवंय तेच कळत नाही.

पण परवा एक गंमत झाली. तुझ्या भावजयीने केलेलं सूप चाखलं आणि सवयीने माझा पंजा उलटा झाला. लिलावात पंजा उलटा केला की 'माल खराब'. आईने ते बघितलं. तिनेही एक चमचा चाखला, माझ्याकडे बघितलं आणि पंजा उलटा केला. अशी हसली, अशी हसली, की ठसका लागला. ही दुकानातून आल्यावर तिला काही सांगितलं नाही. तूही सांगू नकोस.

भोंगा


९ एप्रिल

ताई,

माझी सुट्टी सार्थकी लागली बघ. मी आईला लिलावाच्या खुणा शिकवतोय.

तू कधी आमच्या हॉलमध्ये आली नाहीस, म्हणून सांगतो. तिथे पुकारा करणारा ओरडतो, पण घेणारे ओरडत नाहीत. ओरडले तर कुणाला काय हवंय ते शेजाऱ्याला कळेल ना! सगळा कारभार हातांनी. मूठ छातीवर, म्हणजे 'माझा'. हवेत गोल काढला, म्हणजे 'सगळा माल'. चिमूट दाखवली, म्हणजे 'थोडा'. कान ओढला, म्हणजे 'वर जा, अजून वर'. पंजा समोर धरला, म्हणजे 'बास'. हे सगळं लांबून दिसावं म्हणूनच बनलेलं, आणि आईचे डोळे लांबचेच. ती पलंगावर बसते, मी दाराशी उभा राहतो, आणि दिवसभर आमचं चालू. कान ओढला की पंख्याचा वेग वाढवायचा. चिमूट, की साखर कमी होती. टीव्हीतल्या त्या बाईचं तिसरं लग्न लागलं तेव्हा तिने जोरात 'बास' केलं.

माणसांच्या खुणा तिने स्वतःच काढल्यात. मी म्हणजे गळा धरायचा. तुझी भावजय म्हणजे गोळ्या मोजायच्या. पोस्टमास्तर म्हणजे ठप्पा मारायचा. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी बाई एवढी भराभर शिकते, की मला शिकाऊ असताना लागला त्याच्या निम्माही वेळ तिला लागला नाही. अभिमान वाटतो.

एकच काळजी आहे. ती हल्ली अर्धंच मागते. दोन बोटं खांद्यावर ठेवून खाली छातीपर्यंत ओढली, की आमच्याकडे 'अर्धा माल'. ही खूण मी तिला शिकवली नव्हती, माझी बघून उचलली असणार. चहाच्या वेळी हमखास करते. मी अर्धा कप आणून देतो, तर माझ्याकडे असं बघते की जणू मी तिचा कप चोरला. पुन्हा तीच खूण. मी त्यातला अर्धा ओतून घेतो. मग ती भिंतीकडे तोंड करून निजते. भूक कमी झाली असेल का? वयाने होतं म्हणतात. डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला, वजन वगैरे सगळं बरोबर आहे. पूर्वी तुझ्याकडे राहायला आली होती तेव्हा असं काही करायची का? रविवारी तर जास्तच करते.

पत्र मिळाल्याचं तरी कळव. नुसतं 'मिळालं' एवढं लिहिलंस तरी चालेल. मी त्याचा अर्थ 'माफ केलं' असा काढणार नाही, शप्पथ.

भोंगा


२८ एप्रिल

ताई,

आपल्या घरात या घडीला बसायला जागा नाही. सगळीकडे सूर्यफुलं आहेत. न्हाणीघरात बादलीत, जिन्यात, पलंगाखाली, आणि हे पत्र मी ज्या टेबलावर लिहितोय त्याच्यावरही. का ते सांगतो, आणि हसू नकोस. नाही, हस.

डॉक्टर म्हणाला होता, तोंड उघडणार नसाल तर लिलाव नुसता बघायला जा. आई हटून बसली, मलाही न्या. नेलं. हॉल म्हणजे मोठी शेड, उतरत्या बाकांच्या रांगा, समोरून फुलांचे गाडे एकामागून एक जातात. आईला पहिल्या रांगेत बसवलं आणि मी खाली गाड्यांपाशी जुन्या मंडळींना भेटायला गेलो. सगळे खूश, पाठीवर थापा, 'कधी येताय' वगैरे. तेवढ्यात सूर्यफुलांचा गाडा आला आणि मी नेमका त्याच्या शेजारी.

आईशेजारी एक जाडजूड दुकानदारीण बसली होती. तिने हातानेच विचारलं, तुम्ही कोण, कुणाबरोबर? आईने ऐटीत माझ्याकडे बोट केलं, मूठ छातीवर आपटली: हा माझा. आणि बाईला नीट कळावं म्हणून माझ्याभोवती हवेत हा एवढा मोठा गोल काढला. सगळाच्या सगळा माझा!

चष्मेवाल्याने हातोडी मारली.

मी धावलो, हात हलवले, तर मूर्खाला वाटलं मीही बोली लावतोय. आणि एकदा हातोडी पडली की पडली, त्यावर वाद नाही, हा नियम त्या हॉलमध्ये सगळ्यांत मोठ्यांदा कुणी सांगितलाय एवढी वर्षं? तुझ्या भावाने. आता कुठल्या तोंडाने मागे घ्यायला सांगू? आणि तोंड तर मिटलेलं! गाडा घरी आला. आई टेम्पोत पुढे बसून राणीसारखी.

खरं सांगू? रागावलो नाही. हॉलभर माणसांसमोर कुणी मला असं 'माझा' म्हटलेलं आठवत नाही.

घरी आल्यावर मात्र बिनसलं. तिने फुलांकडे बोट केलं, मग ती 'अर्धा'ची खूण केली, मग दाराकडे, लांब, लांब असा हात केला. म्हटलं, बरोबर आहे, एवढ्या फुलांचं करायचं काय? अर्धी फुलं वरच्या मजल्यावर पोस्टमास्तरांकडे आणि इमारतभर वाटून आलो. परत येऊन बघतो तर आई रडतेय. मोठ्याने नाही, पण डोळे वाहतायत. मी हात जोडले, काय चुकलं विचारलं. तिने पुन्हा तेच: खांद्यावरून दोन बोटं खाली. आता उरलेल्याचं अर्धं कुठे नेऊन देऊ? तुझी भावजय म्हणते, तुम्हाला खुणा कळतात, माणसं कळत नाहीत.

मला खरंच काही सुधरत नाही. आईला काय हवंय ते कळत नाही, एवढं वाईट मला घसा गेल्याचंही वाटलं नव्हतं.

भोंगा


१४ मे

ताई,

तुझं पत्र मिळालं. दोन वर्षांनी लिहिलंस, आणि लिहिलंस काय, तर एवढंच:

'मूर्खा, ती अर्धा चहा मागत नाहीये. ती वेणी आहे. मला विचारतेय.'

मी ते दारात उभं राहून वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं, मग हिला वाचायला दिलं. ही आधी हसली आणि मग पदराने डोळे पुसायला लागली. तुझी ती लांबलचक वेणी, खांद्यावरून पुढे घेतलेली, रोज सकाळी आई घालायची ती! मी बापडा वेणीला अर्धा माल समजून आईचा चहा कमी करत बसलो. एवढी वर्षं नजरेच्या कोपऱ्यातून बोली टिपणारा मी, आणि घरातली एक खूण मला लिलावापलीकडे नेऊन बघता आली नाही. फुलंसुद्धा तुला पाठव म्हणत होती. ती आता पोस्टमास्तरांकडे वाळतायत.

आईकडे गेलो. ती खिडकीशी बसली होती, माझ्याकडे बघत नव्हती. समोर जाऊन उभा राहिलो. खांद्यावर दोन बोटं ठेवली, हळूहळू खाली आणली, पार टोकापर्यंत, आणि तुझं पत्र वर धरलं.

आणि आई बोलली. मार्चपासून मिटलेलं तोंड उघडलं आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "कळलं एकदाचं, गाढवा!"

मग लगेच, "कशी आहे ती? नवरा कसा आहे? जेवते का वेळेवर? केस किती राहिलेत?" एकामागून एक. तू एका ओळीत काय लिहिलंयस म्हणून सांगणार? मी नुसता तुझं पत्र तिच्या हातात देऊन उभा. तिला अक्षर दिसत नाही, तरी दोन्ही हातांत धरून बसली होती.

आता दुसरी बातमी. डॉक्टरने मला थोडं थोडं बोलायची परवानगी दिलीय. बोललो. आवाज आलाय, पण तो माझा नाही. बारीक, घोगरा, दोन खुर्च्यांपलीकडे जात नाही. डॉक्टर म्हणाला, आता हाच. पुकारा पुन्हा होणार नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. त्याहून वाईट म्हणजे आईच्या कानाशी जाऊन "आई" म्हटलं, तर ती म्हणाली, "काय पुटपुटतोस, हाताने सांग."

तर आता तिला कुणाचाच आवाज पोचत नाही, माझाही नाही. पण हात पोचतात. खुणा तुला पत्रांतून ठाऊक झाल्याच आहेत. आपला टीव्ही मोठा आहे, आईला पलंगावरून नीट दिसतो, आणि फोनवरचं चित्र त्याच्यावर दिसतं म्हणे. कसं करायचं ते तुझी भावजय दुकानातल्या पोरींकडून शिकून आलीय. रविवारी सकाळी असा चित्राचा फोन करशील? मध्ये मी नसेन. शप्पथ नाही घेत, पण नसेन.

बाकीच्या खुणा मागच्या पानावर लिहिल्यात. माणसं मला काढता येत नाहीत, त्यामुळे हाताच्या जागी मुळा दिसला तरी समजून घे.

तुझाच,
भोंगा


२४ जून

ताई,

आज जरा सविस्तर लिहितो, कारण सोमवारपासून कामावर चाललोय आणि मग कसलं लिहिणं होतंय.

हो, हॉलनेच बोलावलं. पुकारा चष्मेवाल्याकडेच राहील. मी त्याच्या शेजारी उभा राहून बाकांवरचे हात बघायचे आणि कुणाची बोली कुठे आहे ते त्याला दाखवायचं. त्या सूर्यफुलांनंतर त्यांना वाटायला लागलंय, की कोण खरंच घेतोय आणि कोण नुसतं लेकाचं कौतुक करतोय हे बघणारा एक माणूस हवाच. मी म्हटलं, या बाबतीत माझीच परीक्षा घ्या म्हणजे झालं! पण जाणार आहे. तिथे उभं राहायला मिळतंय, त्यातच आनंद आहे.

गेले काही रविवार इथे काय होतं, ते तुला अर्धंच दिसतं, उरलेलं मी सांगतो. शनिवारी संध्याकाळपासूनच बाई तयारीला लागतात. पातळ कुठलं, केस कसे, खुर्ची इथे की तिथे. पहिल्या दिवशी तू पडद्यावर आलीस आणि खांद्यावरून दोन बोटं खाली ओढलीस, वेणी नसलेल्या खांद्यावरून. आईने हातातली काठी खाली टाकली. मग तुझे ते कापलेले केस नीट बघितले आणि पंजा उलटा केला: माल खराब! तू तिकडे हसत होतीस, आई इकडे हसत होती. मी दारात उभा राहून रडत होतो, ते कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून बरं.

मग आईचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि तिने पंजा माझ्यासमोर धरला. बास. बाहेर.

गेलो स्वयंपाकघरात. आई मोठ्यांदा बोलत होती, त्यामुळे तिची बाजू सगळी ऐकू येत होती: भावजींचे पाय, तुमचा नळ, शेजारणीची मुलगी. मी कान लावून भांडी विसळत होतो. आणि मग एकदम आवाज बंद. म्हटलं, तार तुटली की काय! डोकावून बघतो तर दोघींचे हात चाललेत, भराभर, माझ्या बापालाही वाचता येणार नाहीत अशा खुणा. त्या मी शिकवलेल्या नाहीत. तुम्ही दोघींनी परस्पर कधी बनवल्यात, देव जाणे. मी दारात आलेला दिसताच आईने दोन्ही हात शालीखाली घातले आणि छताकडे बघत बसली.

रात्री जेवताना हाताने विचारलं, काय चाललं होतं? म्हणते, "आम्हा मायलेकींचं."

ही म्हणाली, लागला का जिवाला चटका? लागला, थोडासा. एवढी वर्षं या घरात कुणाचं काही माझ्यावाचून झालं नाही. पण रात्री झोप मात्र छान लागली.

तर आता असं कर. सोमवारपासून माझ्या वेळा बदलणार, काही रविवारी मी हॉलमध्ये असेन, तुझी भावजय दुकानात असेल. टीव्ही लावायचा कसा ते आईने शिकून घेतलंय. तू माझी वाट बघू नकोस. मी घरी आहे का म्हणून विचारूही नकोस. सरळ फोन लाव.